माझं नाव कोणी शोधलं नाही

हेगस्टाड, विस्कॉन्सिन
११ मार्च २०२४

मारिट,

तुझा पत्ता मला कोणी दिला, याचा शोध घेत बसू नकोस. कोणी दिला नाही. तो पोलिसाने तुला दिलेल्या दंडाच्या तिकिटावर होता.

आधी बातमी सांगते. तुझे बाबा गेले, जानेवारीच्या नऊ तारखेला. गोठ्याचं दार उघडायला गेले आणि दाराशीच बसले. मी खिडकीतून पाहत होते, मला वाटलं बुटाची नाडी बांधताहेत. जमीन इतकी गोठली आहे की पुरायला एप्रिल उजाडेल. तोवर ते तिकडे शवागारात आहेत आणि मी इकडे.

मृत्युपत्राच्या कामासाठी कोर्टात जावं लागलं. तळघरात ओपल हेगन नावाची कारकून बसते, चाळिशीची, तोंडाने फटकळ. तिने फॉर्म भरायला घेतला. वारस किती? एक मुलगी. नाव? सांगितलं. पत्ता? माहीत नाही. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"भांडण आहे का, काकू?"

"बोलणं नाही."

"किती वर्षं?"

"सतरा."

"मग कोर्टाच्या नोंदीत बघा ना. त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर नाव टाकायचं. राज्यभरातली तिकिटं, खटले, सगळं निघतं. आपल्या राज्यात एकदाही पोलिसाने थांबवलं नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही. लोक इथे येऊन होणाऱ्या जावयाचं नाव टाकतात, नाहीतर शेजाऱ्याचं. तुम्ही मुलीचं टाका."

मी दोन बोटांनी तुझं नाव टाकलं.

२००९ मध्ये सकाळी पावणेसहाला तू जास्त वेगात होतीस. तेव्हाचा पत्ता कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरचा. एवढ्या पहाटे कुठे जायचीस? कामावरच असणार. २०१२ मध्ये नंबरपट्टीच्या नोंदणीची मुदत संपलेली, आणि तुझ्या नावापुढे ओर्टेगा. लग्न झालं तर. मी तिथे बसून मनातल्या मनात अभिनंदन केलं, बारा वर्षं उशिरा. मग २०१६. चार वर्षांखालचं मूल गाडीत नीट बांधलेलं नाही, असं तिकीट.

मूल. मारिट, मी आजी झाले हे मला पोलिसाच्या अक्षरात कळलं. मुलगा की मुलगी ते तिकिटावर लिहीत नाहीत. ओपलने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

२०१९ नंतर तू पुन्हा माहेरची टॉलफसन आहेस. त्याच वर्षीचा घटस्फोटाचा एक खटला तुझ्या नावावर दिसत होता. तो मी उघडला नाही. खरं सांगायचं तर उघडला, पण दोनच पानं वाचली.

वकिलांचं पत्र तुला वेगळं येईल. मी हे लिहिलं ते बाबांची बातमी तुला परक्याकडून कळू नये म्हणून. ते शेवटच्या दिवसांत तुझी आठवण काढायचे.

आई

२ एप्रिल २०२४

मारिट,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. बाबा तुझं नाव घेत नसत. मी काढलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणून लिहून गेले.

मी दर गुरुवारी ओपलकडे जाते आहे. घरी कॉम्प्युटर नाही हे निमित्त. मागच्या गुरुवारी मी तो खटला काढला, आपला. २००७, ऑरिन काउंटी. सगळा कॉम्प्युटरवर नाही, जुनी कागदं वर माळ्यावर असतात. ओपलने पेटी आणून दिली.

"काकू, नक्की बघायचंय?"

"बघायचंय."

त्यात तुझा जबाब आहे. एकोणीस वर्षांची तू. 'स्टॉपची पाटी मला दिसली होती. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, गाडी थांबली नाही.' हेच तू तीनदा सांगितलंस, पोलिसाला, वकिलाला आणि न्यायाधीशाला. खाली पोलिसाने लिहिलंय की पुढचा भाग इतका चेपला होता की ब्रेक तपासण्यासारखं काही उरलं नाही. ज्या खडीच्या ट्रकवर गाडी आदळली त्याचा ड्रायव्हर म्हणाला, पिकअप जराही हळू झाली नाही. तुझ्या धाकट्या बहिणीचं, सिग्नीचं, नाव एकाच ओळीत आहे. वय चौदा, जागीच मृत्यू.

मारिट, तू खरं सांगत होतीस. ब्रेक खराब होता. तुझ्या बाबांना ते माहीत होतं. त्या अपघाताच्या आठ दिवस आधी त्याच पिकअपवर खराब ब्रेकचं तिकीट झालं होतं. दहा दिवसांत दुरुस्त करून गॅरेजवाल्याची सही आणायची, असं त्यावर होतं. बाबा म्हणाले, शनिवारी शेडमध्ये मीच करतो. शनिवारी मका पेरायचा होता. ड्वेन स्टेंगलने गाडी न बघता सही ठोकली, कागद टपालात पडला, प्रकरण मिटलं. पुढच्या मंगळवारी तू सिग्नीला पोहायच्या क्लासला घेऊन निघालीस.

बाबांनी हे कोर्टात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तू सहा महिने काउंटीच्या तुरुंगात काढलेस आणि बाहेर आल्यावर गावात कोणी तुला कॉफी वाढली नाही, आणि ते गप्प राहिले. हे तुला कळायला हवं असं मला वाटलं.

काल त्यांना पुरलं. वारा फार होता. ड्वेन आला होता, काठी टेकत.

आई

६ मे २०२४

मारिट,

मागचं पत्र टपालात टाकून महिना झाला. ते पत्र अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून स्वयंपाकघरात उभ्यानेच लिहिते आहे.

तुझ्या खटल्यात तुझ्या वकिलाने जुनी तिकिटं शोधली होती. तो कागद कोर्टातल्या त्या पेटीत आहे. त्याने तुझं नाव शोधलं, एकही नाही. तुझे बाबा, मर्ल टॉलफसन, गाडीचा मालक म्हणून, त्यांचंही नाही. तिसरं नाव त्याने शोधलं नाही. शोधायचं सुचण्यासारखं नव्हतंच. तिकीट गाडीच्या नावावर नसतं, चालवणाऱ्याच्या नावावर असतं. आणि ते आपल्या काउंटीतलंही नव्हतं. मी तेव्हा पलीकडे चीजच्या कारखान्यात कामाला जायचे, ते तिथलं होतं.

चालवत मी होते. रेल्वेच्या फाटकाशी गाडी रेषेच्या पुढे गेली. पोलिसाने विचारलं तेव्हा मीच म्हटलं, पेडल खाली जातं कधीकधी. ते तिकीट माझं. व्हर्ना टॉलफसन. अजूनही आहे. मी त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं आणि ते एका क्षणात वर आलं.

ड्वेनकडेही मीच गेले होते. बाबा म्हणाले होते, शनिवार होऊ दे. शनिवार गेला. मला मुदतीची धास्ती. मी ड्वेनला म्हटलं, "मर्लने काम केलंय रे, तू फक्त सही कर." त्याने हात पुसून सही केली. मंगळवारी तू किल्ली मागितलीस. ती मी माझ्या हाताने तुला दिली. तेव्हा मला ब्रेकची आठवण झाली नाही असं मी सतरा वर्षं स्वतःला सांगते आहे. झाली होती. मनात आलं, चार मैलांचा तर रस्ता आहे.

कोर्टात सरकारी वकिलाने मला शपथेवर विचारलं, "मिसेस टॉलफसन, गाडीत काही बिघाड असल्याचं तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही." तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुला वाटलं असेल, आईला खरंच माहीत नाही. त्या सकाळी बाबा मला गाडीत म्हणाले होते, "पोरीला समज देऊन सोडतील. तू बोललीस तर मात्र आपल्याला या गावात राहता येणार नाही." पण मी त्यांच्यामुळे खोटं बोलले नाही. ते नसते तरी मी तेच बोलले असते. सिग्नीला मी मारलं असं म्हणण्यापेक्षा तू मारलंस असं ऐकून घेणं मला सोपं गेलं. हे वाक्य सतरा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर लिहिलं नसतं. सुचलं होतं. लिहिलं नाही.

आणखी एक. तुझं नाव मी पुन्हा टाकलं. या एप्रिलमधलं नवं तिकीट आहे, स्टॉपच्या पाटीशी न थांबल्याचं. तू दंड भरून मोकळी झाली नाहीस, सुनावणी मागितली आहेस. चौदा तारीख, सकाळी साडेनऊ. कोर्ट उघडं असतं, कोणीही येऊन बसू शकतं, असं ओपल म्हणाली.

मी येणार आहे. येऊ नको म्हणायचं असेल तर फोन कर. नंबर तोच आहे.

आई

१६ मे २०२४

मारिट,

परवा जे झालं ते मी लिहून ठेवते आहे. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ज्या गोष्टी लिहीत नाही त्या माझ्या मनात हळूहळू बदलत जातात.

साडेतीन तास गाडी चालवून मी आठलाच पोचले. शेवटच्या बाकावर बसले. तू आलीस तेव्हा मी तुला चालण्यावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. तुझे केस पांढरे व्हायला लागलेत. अंगावर निळा शर्ट होता, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा. तेव्हा कुठे मला कळलं की त्या तिकिटापायी तू का भांडते आहेस.

न्यायाधीश तरुण होती आणि घाईत होती. पोलिसाने सांगितलं, चाकं पूर्ण थांबली नाहीत, नुसती हळू झाली. तू उभी राहिलीस.

"मी थांबले होते," तू म्हणालीस.

"त्यांना तसं दिसलं नाही."

"मॅडम, मी प्रत्येक स्टॉपशी थांबते. तीनपर्यंत मोजते. मागचे हॉर्न वाजवतात तरी मोजते."

"मोजता का? का बरं?"

एवढं सांगितलं असतंस तर कदाचित त्या बाईने वेगळं ठरवलं असतं. पण तू मान खाली घातलीस आणि तिने निकाल दिला, दोषी. सगळं मिळून सात मिनिटं लागली. मला ओरडावंसं वाटलं की ती खरं बोलते आहे, ही मुलगी खोटं बोलत नाही. मी बाकाची कड धरून बसले. पुन्हा.

बाहेरच्या बोळात, पाण्याच्या नळाशी, तू मला पाहिलंस.

"तू कशी काय इथे?"

"तुझं नाव टाकून पाहिलं," मी म्हटलं.

"पत्रात वाचलं ते. पहिल्या." तू हसलीस, पण तसलं हसणं मी तुझ्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "दुसरंही वाचलं. छान ढकललंस सगळं बाबांवर. माणूस जमिनीत जायची वाट पाहिलीस का?"

"तिसऱ्यात सांगितलंय मी, मारिट. सगळं सांगितलंय."

"तिसरं मी उघडलं नाही."

तू पर्समधून ते पाकीट काढलंस, बंद, माझ्या अक्षरातलं, आणि माझ्या हातात दिलंस.

"काय सांगायचंय ते तोंडाने सांग. इथे. आत्ता."

लोक जात-येत होते. एक माणूस नळाशी बाटली भरत होता. मी त्याच्यासमोर सांगितलं. तिकीट माझं होतं. सही मी आणली. किल्ली मी दिली. शपथेवर खोटं बोलले. त्या माणसाची बाटली भरून वाहायला लागली तरी तो हलला नाही.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"दहा वर्षं झाली. पोर पोटात होतं. दुपारी काही काम नव्हतं, मी आपल्या सगळ्यांची नावं टाकत बसले होते. माझं, बाबांचं. मग तुझं. लागलं की लगेच. तारीख बघितली आणि दिवस मोजले. आठ."

"मग तू मला का नाही..."

"मी का? आई, मी का? तू सांगतेस का, ते बघत होते. पहिल्या वर्षी रोज टपालाची पेटी बघायचे. मग नाताळला फक्त. मग सोडून दिलं."

मी तुझ्या मुलाचं, मुलीचं, नाव विचारलं. तू म्हणालीस, "ते कोर्टाच्या कागदावर नाही, म्हणून तुला माहीत नाही," आणि जिन्याकडे गेलीस. पहिल्या पायरीवर थांबून मागे न बघता म्हणालीस, "मला सांगून काय उपयोग? मी तर तिथेच होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

परतताना मी एका शेताच्या कडेला तासभर गाडी उभी केली होती. कुठलं गाव ते आठवत नाही.

आई

२४ जून २०२४

मारिट,

तू म्हणालीस तसं केलं.

आधी ओपलकडे गेले. जबाब लिहून दिला, शपथेवर, तीन पानं. ती एकेक पान उलटत वाचत गेली. शेवटी म्हणाली, "काकू, हे एकदा दाखल झालं की सगळ्यांसाठी खुलं. शेजारीसुद्धा वाचतील."

"वाचू देत."

तिने शिक्का मारला. काउंटीच्या सरकारी वकिलालाही भेटले. पोरगेलासा आहे, २००७ मध्ये शाळेत असेल. म्हणाला, खोट्या साक्षीसाठी खटला भरायची मुदत केव्हाच टळली, मला काही होणार नाही. मी विचारलं, काहीच नाही? म्हणाला, काहीच नाही, तुम्ही निश्चिंत असा. मारिट, त्याने ते दिलासा म्हणून सांगितलं. तुझी शिक्षा पुसण्यासाठी मात्र तुला स्वतः अर्ज करावा लागेल, ते मी करू शकत नाही. फॉर्म सोबत ठेवला आहे. भरावा की नाही ते तू ठरव.

मग रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना, मी उभी राहिले. वाटलं होतं शब्द सापडणार नाहीत. सापडले, कारण त्या बोळात एकदा बोलून झाले होते. सांगितलं की माझ्या मुलीला तुम्ही ज्यासाठी वाळीत टाकलंत ते मी केलं होतं. मोठ्या किटलीचं झाकण खडखडत होतं तेवढंच. मग तुझी आत्या एडना उठली, "माझ्या भावाला मातीत जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि ही बया असं बोलते," म्हणाली, आणि कोट घेऊन निघून गेली. तिच्या मागे पाच-सहा जणी. उरलेल्या बसून राहिल्या, पण माझ्या टेबलाशी नाही. आता माझ्या बाकावर मी एकटी बसते.

बुधवारी ड्वेन आला. ऐंशीचा झालाय. पायरीवरच बसला, आत येईना.

"व्हर्ना, मर्लने काम केलंय असं तू म्हणाली होतीस."

"हो."

"केलं नव्हतं?"

"नाही."

तो हात बघत बसला. "अपघातानंतर मर्ल माझ्याकडे कधी फिरकला नाही. मला वाटलं, दुःखामुळे असेल. मी कोर्टात का नाही गेलो माहीत आहे? तुम्ही दोघं बोलत नाही म्हणजे काही बोलण्यासारखं नसेल, असं धरलं." दुसऱ्या दिवशी त्यानेही ओपलकडे जाऊन जबाब दिला. तोही सोबत आहे.

एवढंच लिहून मी पाकीट बंद करणार होते. आज सकाळी साडेदहाला तुझा फोन आला, म्हणून आणखी लिहिते.

आधी मला गाड्यांचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणालीस, "सतरा वर्षांत गाडीत काय झालं हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. पोलिसाने विचारलं, वकिलांनी विचारलं. तू नाही."

मी म्हटलं, "आता विचारते."

तू सांगितलंस. सिग्नी पाय वर घेऊन खिडकीत टेकवून बसली होती, न वाळलेल्या टॉवेलचा वास येतो म्हणून तक्रार करत होती. तू ब्रेक दाबलास आणि म्हणालीस, "सिग्नी, ब्रेक लागत नाही." तिने तुझ्याकडे पाहिलं. "मस्करी करतेस का" असं म्हणाली नाही. खात्री आहे का, असं विचारलं नाही. पाय खाली घेतले, दोन्ही हातांनी हातब्रेक धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. ओढतच होती.

"मी म्हटलं आणि तिने लगेच खरं मानलं," तू म्हणालीस. "त्यानंतर कोणीच मानलं नाही."

मग तू फोन ठेवलास.

आई